जिभेवरचे पांढरे डाग

१२ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. म्हणजे तुझी भावजय आणि चिऊ धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण घरून केला की तुझी भावजय "वन्सं ना? द्या इकडे" म्हणून हातातून काढून घेते, आणि दुकानातून करावा तर समोर गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून तुझ्या लॅबच्या पत्त्यावर लिहितोय. घरी नेऊ नकोस आणि भाऊजींना दाखवू नकोस, एवढं ऐक.

माझ्या तोंडात फोड आलेत आणि जिभेवर पांढरे डाग पडलेत. सॅक्सोफोनची हवा कुठून गळते ते शोधायला आम्ही नळीत एक बारीक दिवा सोडतो ना, तोच तोंडात धरून मी आरशात बघत असतो. परवा एक बाई दुरुस्तीला टाकलेली बासरी न्यायला आल्या, तेव्हा मी गालात दिवा लावून उभा. "नंतर येते," म्हणाल्या, अजून आलेल्या नाहीत. मानेत डाव्या बाजूला गाठ लागते. आधी दुखत नव्हती, दाबून दाबून आता दुखायलाही लागली आहे. झोपेत घाम येतो. पॅन्ट कमरेवर राहत नाही. छातीवर पुरळ आहे, किंवा होतं, नक्की सांगता येत नाही.

इंटरनेटवर वाचलं तर सगळं एका ठिकाणी जाऊन जुळतं. एचआयव्ही. लिहिलं एकदाचं. ती तपासणी तुझ्याकडे होते हे माहीत आहे. माझ्या नावाशिवाय होईल का?

गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली, ताई. शरमेची आहे. काय ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. चिऊने काल माझ्या ताटातला घास उचलला तर मी तिच्यावर इतका ओरडलो की ती आईच्या मागे जाऊन लपली. मला मरायची भीती वाटत नाही असं नाही, पण त्याहून ह्या दोघींना काही झालं तर, ह्याची जास्त वाटते. उत्तर दुकानावर पाठव.

तुझा,
बारक्या


१७ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद द्यायचा हात आखडला होता, तरी देते.

विचारू नकोस म्हणालास, नाही विचारत. विचारायला राहिलंय काय? पोटाचा घेर घेऊन, डोक्यावरचे केस विरळ झाल्यावर तुला हे सुचलं. सोन्यासारखी बायको आहे. आईने तुला लाडावून ठेवला आणि मी तिला साथ दिली, त्याची ही फळं. असो. माझ्या टेबलासमोर रोज अशी माणसं येऊन बसतात, त्यांना मी एक अक्षर बोलत नाही. तू भाऊ आहेस म्हणून एवढं ऐकून घे.

आता कामाचं. दिवा तोंडातून काढ. जिभेकडे बघून हा आजार कुणालाच कळत नाही, मलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. रक्तच बघावं लागतं. ह्या महिन्याच्या अखेरीला इकडे ये. मी स्वतः रक्त काढीन, बाटलीवर नाव न लिहिता आकडा घालीन. पहिली तपासणी साफ निघाली तरी घडल्या गोष्टीला तीन महिने झाले की पुन्हा एकदा करू आणि विषय बंद करू. तोवर बायकोपासून लांब राहा, पाठ धरली आहे म्हणून सांग. पोरीने ताटातला घास उचलला, पेला उष्टा केला, गळ्यात पडली, तर काहीही होत नाही. थुंकीतून हा आजार जात नाही. पोरीवर ओरडलास त्याबद्दल आधी तिची समजूत काढ.

आणि नीट जेव. वजन न जेवल्यानेही उतरतं.

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

तू रक्त काढलंस तेव्हा एक शब्द बोलली नाहीस. कापूस दाबून धर, एवढंच म्हणालीस, तेही "धरा" म्हणालीस, परक्यासारखं. रिपोर्ट साफ आल्याचा तुझा निरोप मिळाला. भाऊजींसमोर "तुझं ते काम झालं" म्हणालीस, तेव्हा मी फोन धरून जिन्यातच बसलो.

तुला जे वाटलं ते तसंच आहे. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

चार दिवस हलकं वाटलं. मग दुकानात एका गिऱ्हाइकाने सहज म्हटलं, रिपोर्टही चुकतात, त्याच्या चुलत्याचा साखरेचा चुकला होता. झालं. तेव्हापासून पुन्हा जीव थाऱ्यावर नाही. डाग आहेत तसेच आहेत. मी रोज तोंड स्वच्छ ठेवतो, चांगलं जळजळीत औषध घेऊन गुळण्या करतो, तरी जात नाहीत. साधे फोड असते तर एव्हाना गेले नसते का? गाठ आता उजवीकडेही लागते. पाठीचं कारण सांगून मी दुकानामागच्या खोलीत झोपतो. तुझी भावजय पहिले काही दिवस तेल गरम करून घेऊन यायची. आता येत नाही. चिऊला मी दुकानातल्या बासऱ्या फुंकू देत नाही. ती विचारते, मी काय केलं.

बाकी दुकान चालू आहे. आपल्या मास्तरांची क्लॅरिनेट तडकली. पहिल्या नोकरीपासून त्यांच्याजवळ होती. वाद्यवृंदाच्या तालमीच्या खोलीत हीटरजवळ राहून लाकूड सुकलं असावं. जोडली आहे, पण तो आवाज राहिला नाही. पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात ते उसनी घेऊन वाजवणार आहेत. बिचारे माझीच माफी मागत होते, तुझं काम वाढवलं म्हणून.

मार्चमध्ये पुन्हा येतो.

बारक्या


२५ मार्च

बारक्या,

दुसरा रिपोर्टही साफ. तारीख बघितली, दिवस मोजले, रक्त मी काढलं, यंत्रात मी घातलं, आणि तुझ्या समाधानासाठी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा घातलं. तुला हा आजार नाही. आज नाही, उद्याही ह्या गोष्टीमुळे होणार नाही. विषय संपला.

असं मी तुझ्या तोंडावर सांगितलं, तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? "पण ताई, डाग?" माणसं साफ रिपोर्ट घेऊन रडतात, हसतात, एकाने तर माझ्या पाया पडून पेढ्याचा पुडा आणतो म्हणून सांगितलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. पण काही जण तुझ्यासारखे कागद घडी करून खिशात ठेवतात आणि चार दिवसांनी परत येतात. मी त्यांना ओळखायला लागले आहे. त्यांना रक्तात काही सापडायला हवं असतं. शिक्षा झाली की सुटलो, असं काहीतरी.

तुझ्या बायकोचा मला फोन आला होता. "वन्सं, ह्यांचं बाहेर काही आहे का? तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला सांगतील." मी म्हटलं, नाही गं, पाठच आहे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले आणि तेही तुझ्यासाठी. आणि वर माझ्या गुडघ्याची चौकशी केली तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी तो प्रश्न विचारते जो तू विचारू नकोस म्हणाला होतास. ती बाई कोण ते मला नको. पण तिला आजार आहे हे तुला इतकं पक्कं ठाऊक आहे, तर तिचं काय चाललंय? औषध घेते का ती? तिच्याकडे कुणी आहे का? एवढ्या पत्रांत तू तुझी जीभ, तुझी मान, तुझी छाती सगळं लिहिलंस. तिच्याबद्दल एक ओळ नाही. माझा भाऊ घसरला हे मी गिळलं. माझा भाऊ असा आहे हे गिळता येत नाही.

आणि मास्तरांबद्दल वाचून वाईट वाटलं. हीटरजवळ ठेवतील हे खरं वाटत नाही. आपल्या घरी आले की टोपीसुद्धा जागा बघून ठेवायचे ते.

ताई


२ एप्रिल

ताई,

बाई नाही. कधीच नव्हती.

तू बाई समजलीस आणि मी समजू दिलं, कारण ते मला सोपं वाटलं. तुझ्या नजरेत बाहेरख्याली ठरणं मला चाललं. खरं काय ते लिहिताना हात चालत नाही, तरी लिहितो.

मास्तर डिसेंबरात दुकानात आले. क्लॅरिनेटची एक चावी, म्हणजे भोक झाकायची पट्टी, अडकत होती. मी ती सोडवली आणि नेहमीसारखी तोंडाला लावून दोन सूर काढून बघितले. आमच्या धंद्यात तोंडाने वाजवल्याशिवाय काम झालं असं म्हणतच नाहीत, तुला माहीत आहे. थंडीने माझा ओठ फुटलेला होता. मास्तर स्टुलावर बसले होते. म्हणाले, "चांगलं वाजवतोस, उगाच दुरुस्त्या करत बसलास." मग म्हणाले, "एक सांगायचं होतं." आणि सांगितलं. त्यांना बऱ्याच वर्षांपासून एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतात, रिपोर्ट उत्तम असतात, त्यांच्यापासून कुणाला काही होणार नाही असं डॉक्टरांनी खात्रीने सांगितलंय. बायको गेल्यापासून हे ठाऊक असलेलं माणूस उरलं नव्हतं. "कुणाला तरी माहीत असावं असं वाटतं रे. तू जवळचा आहेस," म्हणाले.

मी म्हटलं, "बरं केलंत मास्तर." त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चहा मागवला. वाद्याच्या सांध्यांना नवं बूच लावायचं होतं, म्हणून वाद्य माझ्याकडे ठेवून मास्तर गेले.

दार लागलं आणि मी चाव्यांच्या गाद्या चिकटवायची लाख विरघळवायचं स्पिरिट तोंडात भरलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरून ठेवलं. तेव्हापासून रोज तेच करतोय. गुळण्या म्हणून लिहिलं होतं ते हेच.

मग बादलीत कढत पाणी घेतलं, त्यात ब्लीच ओतलं आणि मास्तरांची क्लॅरिनेट त्यात बुडवली. ताई, हे लाकूड ओल्या फडक्यानेसुद्धा पुसायचं नसतं. आमच्याकडे शिकायला आलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगतात. मला ते बुडवताना माहीत होतं. तरी बुडवली आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा गाद्या फुगून चाव्यांबाहेर आल्या होत्या, चांदीचा मुलामा काळा पडला होता. वाळल्यावर वरच्या तुकड्याला तडा गेला, दोन भोकांमधून आरपार. मी तो भरला, घासला, पॉलिश केला. चाव्या उजळल्या. पण आवाज फाटका झाला.

न्यायला आले तेव्हा मी म्हटलं, "लाकूड आतून सुकलंय मास्तर. तालमीत हीटरजवळ ठेवली होती का? तडा मग मागाहून येतो." ते विचारात पडले. "ठेवली असेन बाबा. आठवत नाही," म्हणाले. आणि माझी माफी मागितली. मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

त्यांच्याबद्दल एक ओळ नाही म्हणालीस. काय लिहिणार होतो? ते दुकानात आले की मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहतो.

बारक्या


६ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र मी लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचलं. बाई असती तर बरं झालं असतं. तुला चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

फोड स्पिरिटचे आहेत. जो माणूस रोज तोंडात स्पिरिट धरतो त्याची जीभ पांढरी नाही पडणार तर काय. गाठ दाबून दाबून तूच वाढवलीस. ह्यात आजार कुठेही नाही. बाटली फेकून दे, दही खा, आठवड्यात तोंड बरं होईल. मास्तरांच्या वाद्याने तुला काही होणं शक्यच नव्हतं. ओठ फुटलेला होता तरी, आणि त्यांचं औषध चालू नसतं तरी. त्यांचं तर औषध इतकं नीट चालू आहे की माझ्या यंत्रालाही त्यांच्या रक्तात विषाणू सापडला नसता. ते त्यांनी तुला समोर बसून सांगितलं होतं. डॉक्टरांचं नाव घेऊन सांगितलं. तू गिऱ्हाइकाच्या चुलत्याच्या साखरेवर विश्वास ठेवलास, मास्तरांच्या शब्दावर नाही.

मला तुझी लाज वाटते. पहिल्या पत्राच्या वेळी राग आला होता, ही लाज वेगळी आहे. ह्या माणसाने माझ्या लग्नात हॉल रिकामा होईपर्यंत वाजवलं. तू तेव्हा त्यांच्या शेजारी बसून सुरांच्या वहीची पानं उलटत होतास.

आता दोन घरांत खरं सांगायचं आहे. आधी बायकोला. मास्तरांचा आजार तिला सांगायचा की नाही हे मास्तर ठरवतील, पण बाई नव्हती आणि वाद्य तू बिघडवलंस हे आजच सांग. मग मास्तरांकडे जा. माफ करा म्हणून त्यांच्या गळ्यात पडू नकोस. माफ करायचं काम त्यांच्यावर टाकू नकोस. सांग आणि ते म्हणतील ते कर. नुसतं ऐकून घे.

आणि मी तुला पोरीबद्दल, उष्ट्याबद्दल सगळं लिहिलं होतं, तेव्हा तू एकदा तरी खरं बोलला असतास तर तीन महिन्यांपूर्वी हे मिटलं असतं. ते मला टोचत राहील.

ताई


२१ एप्रिल

ताई,

दोन्हीकडे सांगितलं.

तुझ्या भावजयीने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हीटरचं तुम्ही स्वतःहून म्हणालात, की त्यांनी?" मी म्हणालो, मी. ती उठून आत गेली. मी घरात झोपतो आता, पण ती अजून कामापुरतंच बोलते. बादलीत का बुडवलं ते तिने विचारलं नाही. तिने ओळखलंय का, मला कळत नाही.

मास्तर तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार उघडल्यावर पहिलं दिसलं ते दाराच्या आतून चिकटवलेलं कागदाचं चिटोरं. त्यावर "किल्ली" लिहिलेलं. स्वयंपाकघरात "गॅस बंद". आरशावर "गोळी घेतली का". बुटांवरसुद्धा एक. मला वाटलं म्हातारपण. बसलो आणि सगळं सांगितलं, जसं तुला लिहिलं तसंच, स्पिरिटसकट. माफीचा शब्द काढला नाही.

संपल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी हीटरजवळ ठेवली नव्हती?"

"नाही."

"नक्की?"

"तुम्ही हीटरजवळ बसतसुद्धा नाही, मास्तर."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते डोळ्यांवर हात ठेवून बराच वेळ बसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे क्लॅरिनेटबद्दल नाहीच. ताई, ते इतके महिने समजत होते की आपल्याला विसरायला होतंय. आजार डोक्यात शिरला. इतक्या वर्षांत जी वस्तू कधी खाली ठेवली नाही ती हीटरजवळ ठेवून विसरलो, म्हणजे आता काय काय विसरू. रोज उठून स्वतःची परीक्षा घेत होते, काल काय खाल्लं, शिकवणीला कोण आलं, तालमीतल्या रचनेच्या दुसऱ्या भागाची सुरुवात कोणत्या सुराने होते. एखादं चुकलं की दिवसभर घरात बसायचे. मी तोंडात दिवा धरून जे करत होतो तेच ते तिथे एकटे करत होते. फरक एवढाच की माझी भीती मी ओढवून घेतली आणि त्यांची मी त्यांना दिली. त्यांच्यापासून मला काही झालं नाही. माझ्यापासून त्यांना झालं.

वाद्यवृंदातली पहिली खुर्ची त्यांनी फेब्रुवारीतच सोडली होती. संचालकांना स्वतः जाऊन म्हणाले, माझा भरवसा नाही, मला मागे बसवा. मला हे माहीतही नव्हतं.

ते उठले आणि चिटोरी काढायला लागले. मी मदतीला हात पुढे केला, तर "राहू दे" म्हणाले. सगळी काढून झाल्यावर म्हणाले, "मला सांगितलंस ते संचालकांना सांग. सगळ्यांसमोर. माझं दुखणं सोडून बाकी सगळं."

गुरुवारच्या तालमीला गेलो. मध्ये उभा राहिलो आणि सांगितलं की मास्तरांची क्लॅरिनेट मी ब्लीचच्या पाण्यात बुडवून तडकवली, हीटरचं मी रचलं, त्यांच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. तिथल्या निम्म्यांची वाद्यं माझ्याकडे येतात. आता येणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

संचालकांनी विचारलं, "पण लाकडी वाद्य पाण्यात घातलंत कशाला? तुम्हाला कळत नाही का?"

मी म्हटलं, "स्वच्छ करायला."

ट्रम्पेटवाला मागून म्हणाला, "इतकी घाण होती काय मास्तरांची?" दोघे-तिघे हसले. मास्तर मागच्या रांगेत खाली बघत बसले होते. उसनी क्लॅरिनेट त्यांनी मांडीवर आडवी धरली होती, दोन्ही हातांनी. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते, आणि मी काहीही म्हणू शकत होतो.

"नाही," मी म्हणालो. "वाद्य स्वच्छच होतं. पहिल्यापासून."

संचालकांनी मास्तरांना पुढे बोलावलं. पुढच्या खुर्चीवरची मुलगी आपली वही उचलून सरकली. मास्तर येऊन बसले, वाद्याच्या तोंडाची रीड जिभेने ओली केली, आणि सगळ्यांबरोबर सुरू झाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी तालीम संपेपर्यंत दाराशी उभा राहिलो.

बारक्या